हनीफभाईच्या अंगठ्याची खबर

आवाज कुठून येतोय म्हणून इकडंतिकडं बघू नका. नारायणगावात येडगावच्या रस्त्याला एक मोटार वायंडिंगचं दुकान आहे. तिथं स्टुलावर बसून जळालेल्या पाणबुडी मोटारीशी झटापट करणारा जो माणूस दिसतोय, तो महंमद हनीफ. त्याच्या उजव्या मनगटात मी राहते. वाकून बघितलंत तरी दिसणार नाही. चष्मा पुसून बघितलंत तरी नाही.

माझं नाव श्वान पेशी. आधी हसून घ्या. आमच्या जातीला ज्या जर्मन पंडितानं पहिल्यांदा भिंगाखाली धरलं, त्याचं आडनाव श्वान होतं. त्याला आम्ही काय करणार? कुत्र्याशी आमचं नातं एवढंच, की राखणीचं काम आम्हीही करतो आणि आमच्याही वाट्याला कौतुक येत नाही.

मी राखते ती एक नस. नस म्हणजे दोरखंड समजा. आत हजारो धागे असतात. अंगठ्याला काही लागलं, टोचलं, गरम लागलं, की त्याची खबर या धाग्यांवरून मेंदूकडं जाते आणि मेंदूचा हुकूम दुसऱ्या धाग्यांवरून परत येतो. त्यातल्या एका धाग्याचा राईच्या दाण्याएवढा तुकडा माझ्या वाट्याला आलाय. त्या तुकड्याभोवती मी स्वतःलाच गुंडाळून घेतलंय. एक वेढा नाही, दोन नाही, चांगले पन्नास-साठ वेढे. माझ्यापुढं दुसरी बहीण, तिच्यापुढं तिसरी. दोघींच्या मध्ये जरा फट. खबर या फटींवरून उड्या मारत जाते, ओढ्यातल्या दगडांवरून पाय न भिजवता पलीकडं जावं तशी. म्हणून ती एका सेकंदात पन्नास मीटर पळते. आम्ही नसलो तर तीच खबर बैलगाडीतून उतरून पायी निघाल्यासारखी जाते.

हे वेढे कशाचे, तर चरबीचे. लोक उगाच चरबीला नावं ठेवतात.

आमची भावकी मोठी आहे. वर मेंदूत आमच्या चुलत बहिणी आहेत, त्यातली एकेक बाई तीस-चाळीस धाग्यांना गुंडाळत बसते. कुणी नसांना खाऊपिऊ घालतं, कुणी झाडलोट करतं. एवढी कामं करूनही विद्वानांनी आम्हा सगळ्यांना मिळून नाव काय ठेवलं, तर डिंक. त्यांच्या पोथ्यांतल्या परक्या भाषेत, पण अर्थ डिंकच. आंब्याच्या पेटीत पेंढा असतो ना, तसं आम्हाला धरलं. आंबा खायचा, पेंढा फेकायचा. अहो, पण पेंढा नसता तर आंबा गिऱ्हाइकापर्यंत कोणत्या तोंडानं पोचला असता?

हनीफ जुन्नरला जन्मला, त्याच्या आधीपासून मी कामाला लागले होते. माझं काम अर्धं झालेलं असताना तो बाहेर आला, म्हणून सुरुवातीला त्याच्या हातात खुळखुळा दिला की तो नाकावर आपटून घ्यायचा. घरचे म्हणायचे, पोर वेंधळं आहे. वेंधळं कसलं, वायरिंग चालू होतं. दोन वर्षांचा झाला तेव्हा जमिनीवरचा तांदळाचा दाणा चिमटीत उचलायला लागला. त्या दिवशी त्याच्या आईनं त्याची दृष्ट काढली. माझी कुणी काढली नाही.

वायंडिंग त्याला कुणी शिकवलं नाही. एक जळालेली मोटार घेतली, तिची तार एकेक वेढा मोजत उलगडली आणि तितकेच वेढे नव्या तारेनं परत भरले. मोटार चालली. तेव्हापासून पस्तीस वर्षं येडगाव धरणाच्या कडेच्या निम्म्या मोटारी याच हातानं भरल्यात. गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय तो मोटार उघडत नाही, आणि उघडली की त्याचं एक भाषण ठरलेलं असतं.

"तार तांब्याची हाय, शाबूत हाय. पर वरचं कोटिंग गेलंय. कोटिंग गेलं की करंट भलत्याच वाटंनं पळतो. मान्सानं तारंकडं बघू नये, कोटिंगकडं बघावं."

हे ऐकलं की मला बरं वाटायचं. वाटायचं, हा माणूस मला ओळखतो. पुढं कळलं, की ओळखत नव्हता. दुसऱ्याच्या मोटारीबद्दल बोलत होता.

आता हनीफच्या दुसऱ्या कामाविषयी सांगते, कारण सगळा घोटाळा तिथंच झाला.

आमच्याकडं बैलगाड्यांच्या शर्यती होतात, हे तुम्हाला माहीत असेल. ज्या चढावर गाडा पळतो त्याला घाट म्हणायचं, आणि एका गाड्याची एक पळ म्हणजे एक बारी. गाडे एकमेकांशी पळत नाहीत, घड्याळाशी पळतात. शेजारच्या एका गावच्या यात्रेत, नाव सांगत नाही, कमिटी अजून फुगलेली आहे, बारा सेकंदांच्या आत जो येईल तो पहिल्या नंबरात. ते घड्याळ गेली तीस वर्षं हनीफच्या हातात. का? तर त्या गावात त्याची भावकी नाही, त्याचे बैल नाहीत. शिवाय गावात दोन तट, आणि तो दोन्ही तटांच्या मोटारी भरतो. कुणालाही फसवणं त्याला परवडत नाही. यापेक्षा मोठा प्रामाणिकपणा बाजारात मिळत नाही, राव.

घड्याळ चावीचं, जुनं. डोक्यावर एक बटण. खाली निशाण पडलं की अंगठ्यानं दाबायचं, गाड्यानं वरची रेषा ओलांडली की परत दाबायचं. मध्ये शर्यतींवर बंदी होती तेव्हाही हा माणूस दर चैत्रात ते घड्याळ काढायचा, चावी द्यायचा आणि दुकानासमोरून जाणाऱ्या टेम्पोंच्या बाऱ्या लावायचा. टोमॅटोवाले कायम पहिल्या नंबरात यायचे.

पण त्याच्या सवयी. दिवसभर मनगट वाकवून तार भरायची. मोटारसायकलची मूठ अशी आवळायची की जणू गाडी पळून जाणार आहे. झोपताना हात दुमडून गालाखाली. मनगटात हाडांची एक कमान आहे आणि वर एक जाड पट्टा. त्या बोगद्यातून नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्यातच आमची नस. माळशेजच्या बोगद्यात नऊ ट्रक शेजारी शेजारी घुसवले आणि त्यात तुमची सायकल अडकली तर तुमचं जे होईल, ते माझं झालं. दाब वाढत गेला. माझे वेढे एकेक करून सुटायला लागले.

मी ओरडले. आमचं ओरडणं म्हणजे मुंग्या. पहाटे उठून हनीफ हात झटकायचा.

त्याची बायको ताहेरा म्हणायची, "कोंबड्यागत पंख काय झटकता? उडायचा विचार हाय का?" घरातली त्यांची बोली वेगळी आहे, तुमच्यासाठी मी आपल्या मराठीत सांगते. "डाक्टरला दाखवा."

"मुंग्याच तर हायेत. जातील."

"साखर दिसल्याशिवाय मुंग्या येत न्हाईत. रगत तपासून घ्या."

साखर निघाली नाही. हनीफ खूश झाला आणि मला विसरला.

गेल्या वर्षीच्या यात्रेत पेठच्या कुशाबानं गाडा आणला होता. कुशाबा हनीफचा सगळ्यात जुना दोस्त. मंचरमध्ये चार वायंडिंगवाले असताना त्यांना ओलांडून मोटार नारायणगावला आणायचा, कारण मंचरवाले चहात साखर कमी घालतात म्हणे. त्याचा पाखऱ्या नावाचा बैल म्हातारा होत चालला होता आणि ही त्याची शेवटची बारी होती. कुशाबानं चार गावांत बोलून ठेवलं होतं, की पाखऱ्या पहिल्या नंबरातनंच उतरणार. पोराचं लग्न ठरवताना नसेल झाली एवढी घालमेल त्या दिवशी कुशाबाची झाली होती.

निशाण पडलं. हनीफनं बटण दाबलं. गाडा उधळत वर आला, भंडारा उडाला, पाखऱ्याच्या शिंगांनी रेषा ओलांडली. हनीफनं अंगठा दाबला.

बटण अर्धंच गेलं. नेहमी बटण तळाला बसलं की एक बारीक टिचकी लागते. ती टिचकी अंगठ्याकडून वर कळवायची, हे तीस वर्षं आम्ही बहिणींनी बिनचूक केलेलं काम. त्या दिवशी वरती काहीच गेलं नाही. ना बसल्याची खबर, ना न बसल्याची. हनीफला वाटलं, झालं. मग सवयीनं खाली बघितलं, तर काटा पळतच होता. त्यानं परत जोरानं दाबलं.

बारा पॉइंट तीन.

त्यानं माइकवर तेच सांगितलं. पाखऱ्या दुसऱ्या नंबरात.

कुशाबा घाटावरून चालत वर आला. पळत नाही, चालत.

"हनीफ, परत बघ."

"बघितलं."

"काटा काय म्हनतो?"

"बारा पॉइंट तीन."

"आन् तू काय म्हनतो?"

हनीफनं अंगठा पँटला पुसला. मी आतून बघत होते. मग म्हणाला, "काटा म्हनतो तेच मी म्हननार ना."

कमिटीतला स्वराज मध्ये पडला. पोरगा चांगला आहे, पण त्याला प्रत्येक गोष्टीत बॅटरी घालायची असते. "बाबा, वाद नको. पुढल्या साली सेन्सरच बसवू. मान्साच्या हातावर किती दिस चालायचं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "हनीफभाईनं बी काटा मारला म्हनायचा."

कुशाबा त्या बोलणाऱ्याकडं वळला. "त्यानं काटा मारला आसता तर मला राग आला नसता. मला राग आलाय तो निराळाच." आणि बैल घेऊन निघून गेला.

पुढं दोन महिने कुशाबा दुकानाकडं फिरकला नाही. त्याची मोटार जळाली ती त्यानं मंचरला दिली, हे हनीफला चहाच्या टपरीवर कळलं. चहा तसाच राहिला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं कमी साखरेचा चहा पत्करला, याचा अर्थ त्याला बरोबर कळला.

त्याला आठवत होतं. दोनदा दाबलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. पहिल्या आणि दुसऱ्या दाबाच्या मधला अर्धा-एक सेकंद पाखऱ्याच्या हक्काचा होता. पण पहिला दाब नेमका रेषेवर पडला होता की आपल्याला नुसतं तसं वाटलं, हे त्याला कळत नव्हतं. आणि ते कळेना म्हणून तो गप्प बसला होता. गप्प बसायला माणसाला एवढीशी शंका पुरते. व्यापारात मी हे फार बघितलंय.

एक दिवस दुकानात सोल्डर करताना करपल्याचा वास आला. हनीफनं मोटार तपासली, बोर्ड तपासला, मागच्या खोलीत जाऊन आला. कुठं काही नाही. दुपारी त्याची पुतणी अनिसा डबा घेऊन आली. मंचरच्या एका दवाखान्यात ती व्यायामानं उपचार करते. तिनं डबा ठेवला आणि त्याचा हात धरला.

"चाचा, अंगठा कधी भाजला?"

"कुठं भाजलाय?" त्यानं बघितलं. अंगठ्यावर हा एवढा फोड. "अगं, खरंच की."

तिनं त्याच्या मनगटावर बोटानं टकटक केली. माझ्या अंगातून अशी चमक गेली की हनीफ स्टुलावरून अर्धा उठला. मग म्हणाली, "उलटा नमस्कार करा. हाताच्या पाठी एकमेकींना लावायच्या, बोटं जमिनीकडं. एक मिनिट धरायचं." आणि मोबाइलवर वेळ लावला.

विसाव्या सेकंदाला हनीफनं हात सोडले.

"वीस सेकंद," अनिसा म्हणाली. "चाचा, तुमची बारी बाद."

तिनं सहज म्हटलं होतं. हनीफ हसला नाही.

मग पुण्यात नसांची तपासणी झाली. मनगटाच्या वर विजेचा बारीक झटका द्यायचा आणि तो अंगठ्यापर्यंत किती वेळात पोचतो ते यंत्रावर बघायचं. आयुष्यभर दुसऱ्याच्या बाऱ्या लावणाऱ्या माणसाच्या मनगटात त्या दिवशी माझी बारी लागली होती. मी जीव खाऊन पळाले. खोटं कशाला सांगू, फार वाईट पळाले. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या चारांच्या आत पोचायला हवं होतं, सहा लागले. दोन हजारांशानं काही पाखऱ्या हरला नव्हता. पण जी नस इतकी लंगडते, तिच्या अंगठ्याला टिचकी कळेल कशी?

डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. आतली तार शाबूत आहे. वरचं कोटिंग गेलंय."

हनीफ खुर्चीत पुढं सरकला. "डॉक्टरसाहेब, हे मी पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय."

"मग गिऱ्हाईक काय म्हणतं?"

"म्हनतं, चालतंय तवर चालवा."

येताना अनिसा गाडी चालवत होती. पेठ आलं तेव्हा हनीफ म्हणाला, "बेटा, हितं थांबव जरा."

कुशाबा गोठ्यात होता. पाखऱ्या रवंथ करत बसला होता, त्याला कशाचंच काही नव्हतं. हनीफनं तपासणीचा कागद पुढं केला. कुशाबाला त्यातलं काही वाचता आलं नाही, हनीफलाही नाही. मग हनीफनं तोंडानं सगळं सांगितलं. अंगठा, टिचकी, दोन दाब. पाखऱ्या बाराच्या आत आला होता.

कुशाबानं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी तुला म्हाईतच नव्हतं."

"नस दाबलीय ते म्हाईत नव्हतं."

"आन् दोनदा दाबलं ते?"

हनीफनं पाखऱ्याकडं बघितलं. "ते म्हाईत व्हतं."

कुशाबाची बायको साळुबाई चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबली. "आदी च्या घ्या. भांडान काय पळून जात न्हाई."

"पळून जानाऱ्यातला आसता तर हितं आला नसता," कुशाबा म्हणाला. त्यानं कप घेतला, पण हनीफकडं दिला नाही, आधी स्वतः प्यायला. "त्या दिशी मी इचारलं, तू काय म्हनतोस. तू काट्याचं सांगितलंस. मला राग आला तो त्याचा. काट्याला मी वळखत न्हाई, तुला वळखतो."

"चुकलं माझं."

"हे हितं सांगून काय उपेग? खोटं माइकवर झालं आन् खरं गोठ्यात सांगतोस व्हय?"

"पुढल्या यात्रेत माइकवर सांगतो."

"बघू," कुशाबा म्हणाला, आणि दुसरा कप हनीफपुढं सरकवला. साखर भरपूर होती. ही बातमी मात्र जिभेच्या नसेनं नीट पोचवली.

पावसाळ्यात शस्त्रक्रिया झाली. पंधरा-वीस मिनिटांचं काम. वरचा तो पट्टा कापला आणि इतक्या वर्षांनी मला हातपाय पसरता आले. मग मी माझं काम सुरू केलं. आधी जुने, फाटके वेढे खाऊन टाकले. हसू नका, हनीफ तरी दुसरं काय करतो? जळालेली तार उपसून फेकल्याशिवाय नवी भरता येत नाही. मग नव्या बहिणी झाल्या, आम्ही तुकडे वाटून घेतले, नव्यानं गुंडाळायला बसलो. खरं सांगते, पहिल्यासारखं भरता आलं नाही. तुकडे आखूड झाले, वेढे पातळ पडले. दुसऱ्यांदा भरलेल्या मोटारीची हनीफ जेवढी हमी देतो, तेवढीच मी देते.

हनीफच्या मनगटाला पट्टी आली. गिऱ्हाइकं विचारायची, "भाई, क्रिकेट चालू केलं का?" तो म्हणायचा, "कोटिंग भरतंय, हात लावू नका." आणि रात्री झोपताना ताहेरा त्याचा हात गालाखालून काढून उशीवर ठेवायची. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

या चैत्रात यात्रा भरली. घाटावर सेन्सर बसला होता, लाल आकड्यांची पाटी लागली होती. पण स्वराजनं घड्याळासाठी हनीफला बोलावलं होतं. "भाई, मशीनचा काय भरवसा. तुमी जोडीला बसा." हे त्याला वर्षापूर्वी सुचलं असतं तर बरं झालं असतं, पण पोरांना उशिरा का होईना सुचतं.

पहिली बारी सुटायच्या आधी हनीफनं माइक मागितला.

"गेल्या साली कुशाबाच्या गाड्याला मी बारा पॉइंट तीन दिला. गाडा बाराच्या आत व्हता. माझा अंगठा बधिर झाला व्हता, त्ये मला नंतर कळलं. पर बटण मी दोनदा दाबलं, त्ये मला त्याच येळी म्हाईत व्हतं. आन् मी बोललो न्हाई. पाखऱ्या पहिल्या नंबरातला बैल हाय."

मग कुणीतरी म्हणालं, "आन् औंदा अंगठ्याची काय हमी?"

गर्दीतून कुशाबा पुढं आला. मागं पाखऱ्या, गळ्यात हार, आणि हारातली फुलं तो स्वतःच खात होता. कुशाबानं बंडीच्या खिशातून एक घड्याळ काढलं आणि हनीफच्या हातात दिलं.

"डोळं मीट. दाब."

हनीफनं डोळे मिटले. अंगठा बटणावर आला. मला सांगायला लाज वाटत नाही, मी घाबरले होते. बटण खाली गेलं. मी कान लावून होते. मऊ गेलं, तळाला लागलं, पण टिचकी नाही. जे झालं नाही ते झालं म्हणून कळवणं फार सोपं असतं, गर्दी समोर असली की जास्तच सोपं. आम्ही बहिणींनी जसं होतं तसं वर कळवलं.

"बसलं का?" कुशाबानं विचारलं.

"न्हाई," हनीफ म्हणाला. "हे घड्याळ मेलंय, कुशाबा. आत स्प्रिंगच न्हाई."

"भंगारातनं आनलंय. स्प्रिंग मीच काढली." कुशाबानं ते घड्याळ खिशात टाकलं आणि स्वराजच्या हातातलं यात्रेचं घड्याळ घेऊन हनीफकडं दिलं. "धर. अंगठा जित्ता हाय."

आता तुमचं. हे वाचताना मनगट मुडपून मोबाइल धरलाय ना? हात झटकावासा वाटतोय ना? माझी एखादी बहीण तुमच्याही मनगटात बसलेली आहे. तिची दृष्ट काढू नका, तिला हार घालू नका. फक्त मनगट सरळ ठेवा, आणि तिनं मुंग्यांचा निरोप धाडला तर तो पुरा ऐका. चालतंय तवर चालवा, असं मात्र म्हणू नका. ते गिऱ्हाइकाचं बोलणं आहे.

मला फार बोलायला वेळ नाही. खाली निशाण पडलंय, गाडा सुटलाय, भंडारा उडतोय. हनीफचा अंगठा बटणावर आहे आणि शिंगं रेषेवर येताहेत.

बसलं. कळवलं वर.